न दाखवलेला भाग

नाना स्वतःची मालिका टीव्हीकडे पाठ करून बघत. दर गुरुवारी संध्याकाळी धुळ्याच्या केबलवर आमचा भाग लागायचा, आणि त्या वेळी नाना ओळखीच्या कुणाच्या तरी घरात शिरत. टीव्हीच्या खाली भिंतीला टेकून जमिनीवर बसत आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या बायकांचे चेहरे बघत राहत. एखादीचा शेंगा सोलणारा हात थांबला की ते खूश. एखादी उठून आत गेली की दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आत मला निरोप. "बाई, काल कुसुम माहेरची आठवण काढत होती ना, तेव्हा एक जण दूध बघायला उठली. दूध गॅसवर नव्हतंच. काय चुकलं आपलं?"

मी त्या वेळी मासिकांतून कथा लिहायची. संपादकांची पसंती आली की माझ्या दृष्टीनं कथा चांगली. वाचता वाचता कुणी उठून गेलं असेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता. नानांनी तो माझ्या डोक्यात कायमचा घुसवला. आजही एखादा परिच्छेद लिहून झाला की ही दूध बघायला उठणारी बाई मला दिसते, आणि मग तो परिच्छेद बहुतेक वेळा जातो.

नाना मूळचे यावलकडचे. तरुणपणी धुळ्याला आले आणि लग्नांचे फोटो काढायला लागले. पुढे व्हिडिओ आला तसे व्हिडिओ काढायला लागले. गल्लीत खाली सायकलचं दुकान आणि वर त्यांची एक खोली, तिला सगळे स्टुडिओ म्हणत. नव्वदच्या आसपास घरोघरी केबल आली. केबलचा मालक दुपारी सिनेमे लावायचा, संध्याकाळी गाणी. नाना त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, आठवड्यातून अर्धा तास मला दे, मी आपल्या इकडची गोष्ट दाखवतो. मालकाला फुकटात कार्यक्रम मिळत होता. त्यानं दिला.

माझी त्यांची ओळख शाळेच्या स्नेहसंमेलनात झाली. मी एरंडोलची, धुळ्याला मराठी शिकवायला आले होते. मुलींचं नाटक मी लिहिलं होतं आणि नाना त्याचं चित्रीकरण करत होते. संपल्यावर कॅमेऱ्याची वायर गुंडाळत ते म्हणाले, "बाई, नाटक काही खास नव्हतं. पण ती आई दारात उभी राहिली आणि काही बोलली नाही, ते फार चांगलं होतं."

मी म्हटलं, "तिथं तिचं मोठं भाषण होतं. ती मुलगी विसरली."

"मग विसरणाऱ्याच मुली घ्या," नाना म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात त्यांनी मला मालिका लिहायला बोलावलं.

मालिकेचं नाव होतं 'पाटापलीकडं'. पांझरा नदीच्या पाटाच्या पलीकडे एक घर, त्यात नवी सून कुसुम, तिची सासू, बोलायला घाबरणारा नवरा, आणि शेजारी भागाबाई. कुसुमचं काम नर्सिंग शिकणारी एक मुलगी करायची. भागाबाई म्हणजे इंदूअक्का. त्या खानावळ चालवायच्या आणि त्यांना अभिनय वगैरे काही येत नव्हता, त्या फक्त बोलायच्या. वर्षभरात अशी वेळ आली की इंदूअक्का भाजी घ्यायला गेल्या की भाजीवाल्या त्यांना भागाबाई म्हणूनच हाक मारत, आणि कुसुमला अमुक गोष्ट सांगा, तमुक सांगा, असे निरोप देत. इंदूअक्का ते निरोप खरोखर नानांपर्यंत पोचवत. नाना त्यातले निम्मे मालिकेत घेत.

माझे सुरुवातीचे संवाद त्यांनी हातात घेऊन वाचले आणि विचारलं, "बाई, ही सासू पुण्याहून आणली का?"

मी लिहिलं होतं, 'तू इथे काय करीत बसली आहेस?' नानांनी ते इंदूअक्कांना वाचायला दिलं. त्यांची जीभ अडखळली. मग नाना म्हणाले, "अक्का, तुमच्या सुनेला तुम्ही कसं विचारता?" इंदूअक्का सहज म्हणाल्या, "काय करी राह्यनी वं तू?" खोलीतले सगळे हसले, कारण सगळ्यांच्या घरातली बाई एकदम त्या खोलीत आली होती. त्या दिवसापासून आमच्या घरातल्या माणसांनी घरातली भाषा बोलायला सुरुवात केली.

यावरून गावातल्या सुशिक्षितांनी जे तोंड वाकडं केलं ते मी विसरलेले नाही. माझ्याच शाळेतले एक सर मला म्हणाले, "तुमच्यासारख्या मराठीच्या बाईंनी हे लिहावं? मुलांच्या कानावर काय पडेल?" त्यांची आई मला एकदा बाजारात भेटली होती. ती माउली या भाषेखेरीज एक शब्द बोलत नव्हती. म्हणजे आईनं घरात बोललेलं चालत होतं, तेच टीव्हीवर आलं की लाज. एका साहित्यिक मंडळानं नानांना व्याख्यानमालेत बोलवायचं ठरवलं आणि मग कुणीतरी आक्षेप घेतला म्हणून ते नाव वगळलं. त्या वर्षी 'ग्रामीण जीवनाचं चित्रण' या विषयावर बाहेरगावचे एक वक्ते येऊन बोलून गेले. त्या व्याख्यानाच्या चित्रीकरणाचं काम मात्र नानांना दिलं होतं. ते तिथं कॅमेरा घेऊन उभे होते. मी संतापले होते. नाना घरी जाताना एवढंच म्हणाले, "आवाज बरा होता त्यांचा."

नानांच्या मालिकेत कुणी रडत नसे. कुसुमचे वडील वारतात त्या भागात मी तिला भरपूर रडवलं होतं. नानांनी ते सगळं काढलं. वडील गेल्याची तार येते, कुसुम ती वाचते आणि तव्यावरची भाकरी उलटते, कारण नाहीतर ती करपेल. एवढंच ठेवलं. मी वाद घातला. नाना म्हणाले, "रडायचं काम बघणाऱ्यांचं आहे. ते पण आपणच केलं तर त्यांनी घरी बसून काय करायचं?" गुरुवारी ते कुणाच्या घरी गेले होते ते आठवत नाही, पण शुक्रवारी सकाळीच आले. म्हणाले, "त्या घरातली म्हातारी भाकरी म्हणाली आणि रडली. वडील नाही म्हणाली. भाकरी म्हणाली."

सासूला मी सुरुवातीपासून दुष्ट केलं होतं. ते लिहायला सोपं असतं. नानांनी मला बसवून विचारलं, "ही बाई सकाळी उठल्यावर स्वतःला काय सांगते? आज मी सुनेला छळणार, असं सांगते का?" मी सासूचे संवाद पुन्हा चाळले. "तिला दोन वाक्यं खरी द्या," ते म्हणाले. "अशी द्या की कुसुमला पण पटतील." मग सासू एका भागात म्हणते की मी या घरात आले तेव्हा मला कुणी पोटभर वाढलं नाही, आणि तरी मी कुणाला उलटून बोलले नाही. ती वाक्यं टीव्हीवर आल्यावर आमच्या सासूची भीती आणखी वाढली, कारण ती आता सगळ्यांच्या ओळखीची झाली.

हे सगळं मी शिकत होते आणि मालिका आनंदानं चालली होती. मग गावात एक मुलगी जळाली.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. बाजारपेठेतलं मोठं घर, गावात मान, देवळाच्या बांधकामात नाव. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की त्या घरात गॅस होता. पोलिसांना तेवढं ठाऊक नव्हतं, किंवा त्यांनी ते ठाऊक करून घेतलं नाही. अपघात म्हणून कागद बंद झाला. मुलीची आई खेड्यातून आली, घराबाहेर ओट्यावर बसून राहिली आणि दोन दिवसांनी तिचे भाऊ तिला परत घेऊन गेले.

त्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ नानांनी काढला होता. मला ते त्यांनी स्टुडिओत बसून सांगितलं. "हळदीला मला म्हणाली, नाना, माझ्या आईला जास्त घ्या हं. ती कॅमेऱ्यासमोर येत नाही, तुम्ही लपून घ्या." एवढं सांगून ते बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत बसले.

मी घरी जाऊन एक भाग लिहिला. त्यात कुसुमला जाळण्याचा प्रयत्न होता, भागाबाईचं लांबलचक भाषण होतं, पोलिसांना चार शब्द सुनावलेले होते, समाजाला आठ. लिहिताना मला वाटत होतं की इतकं चांगलं मी कधी लिहिलं नाही.

नानांनी ते उभ्यानं वाचलं. "बाई, यात तुम्ही आहात. कुसुम कुठं आहे?"

मी चिडले. म्हटलं, "नाना, एक मुलगी गेली आणि तुम्हाला संवादांची पडली आहे?"

"मला तिचीच पडली आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. "तुम्ही टीव्हीवर रागावलात की लोक म्हणतील, बाई छान रागावल्या. आणि जेवायला बसतील. त्यांच्या वाटचा राग तुम्ही काढून घेतलात. तो त्यांच्याकडे राहू द्या. त्यांना फक्त दाखवा."

मग त्यांनी जो भाग केला त्यात काहीच घडत नाही. सासू माळ्यावरून जुना पितळी स्टोव्ह खाली काढते. राखेनं घासते, चकचकीत करते. रॉकेल भरते. कुसुम विचारते, "आई, गॅस शे ना आपल्याकडं?" सासू म्हणते, "ऱ्हाऊ दे. कामले येस." कुसुम गॅसवर भाजी ढवळत राहते आणि सासू स्टोव्ह तिच्या पायाशी ठेवून निघून जाते. संगीत नाही, काही नाही. भाग संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला पिठाच्या गिरणीवर घेऊन गेले. एरवी शुक्रवारी तिथं मालिकेचीच चर्चा असायची. त्या दिवशी डबे रांगेत होते आणि बायका गप्प उभ्या होत्या. गिरणीचा पट्टा तेवढा वाजत होता. शेवटी एक म्हातारी, कुणाकडे न बघता म्हणाली, "कोनी तरी भागाबाईले सांगा." दुसरी म्हणाली, "हा, भागाबाईले सांगा." मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुणीही त्या मेलेल्या मुलीचं नाव घेतलं नाही आणि सगळ्या तिच्याबद्दलच बोलत होत्या.

नाना गिरणीबाहेर आले आणि म्हणाले, "पुढचा भाग मिळाला, बाई." तो भाग आम्ही इंदूअक्कांच्या खानावळीतल्या स्वयंपाकघरात काढला. लिहायला मला फारसं काही उरलं नव्हतं.

बुधवारी केबलचा मालक स्टुडिओत आला. मी तिथं होते. त्यानं चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "नाना, घरगुती मालिका आहे, घरगुतीच राहू द्या ना. तिकडून निरोप आला आहे. त्या स्टोव्हचं काहीतरी करा. भंगारवाल्याला देऊन टाका, सासू-सून हसल्या, मिटलं."

"मी कुणाचं नाव घेतलं का?" नानांनी विचारलं.

"नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं," मालक म्हणाला. "खोटं तरी ठरवता आलं असतं."

नाना म्हणाले की भाग तयार आहे आणि तो आहे तसाच लागेल. मालकानं मान हलवली. "बरं, कॅसेट द्या. उद्या लावतो." नानांनी दिली. मी तेव्हाच हात पुढे करून ती कॅसेट ओढून घ्यायला हवी होती असं लोक आता म्हणतात. दर आठवड्याला ती अशीच जात होती. प्रत काढून ठेवायला नानांकडे जादा कॅसेट नव्हत्या, मूळ चित्रीकरणाच्या कॅसेटवर ते दुसऱ्याच दिवशी कुणाचं तरी लग्न काढत.

गुरुवारी त्या वेळेला सिनेमाची गाणी लागली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. नाना केबलच्या ऑफिसात रोज जात आणि बाकावर बसून राहत. शेवटी त्यांना कॅसेट परत मिळाली. स्टुडिओत लावली तर कुणाच्या तरी वास्तुशांतीची पंगत चालली होती. माणसं जेवत होती, वाढपी जिलेबीचं ताट घेऊन फिरत होता. नानांनी ती शेवटपर्यंत पाहिली, मध्ये कुठं आपलं काही उरलं आहे का म्हणून. जुने भागही त्याच ऑफिसात होते. तेही असेच गेले. एका माणसानं गावाच्या डोळ्यांसमोर वर्षाहून अधिक काळ जे केलं, त्यातलं एक चित्र शिल्लक नाही. पुसणाऱ्याला त्यासाठी काही करावंही लागलं नाही, फक्त एक बटण दाबायचं होतं.

यानंतर बाजारपेठेतली लग्नं नानांना मिळेनाशी झाली. कुणी भांडलं नाही, धमकी दिली नाही. फक्त बोलावणं बंद. ज्यांच्या घरी ते दर गुरुवारी भिंतीला टेकून बसायचे ते लोक रस्त्यात भेटले की विचारायचे, "नाना, मालिका का बंद केली?" जणू त्यांनीच केली. ते हसायचे. काही महिन्यांनी स्टुडिओची खोली सोडून ते जळगावला मुलीकडे गेले. तिथं पासपोर्टचे फोटो काढत. मी एरंडोलला जाता-येता त्यांच्याकडे उतरायची आणि नवी कथा वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकत आणि मध्येच बोट वर करत. तिथं मी पेन्सिलनं खूण करायची. कधी चुकले नाहीत. त्या शेवटच्या भागाबद्दल मात्र मी बोलायला लागले की म्हणत, "झालं ते झालं, बाई. पुढचं वाचा." मला ते कधी पटलं नाही. आजही पटत नाही.

नाना गेले ते त्या दशकाच्या अखेरीला. जळगावात एका सभागृहात शोकसभा झाली. मी शाळेतून रजा घेऊन गेले. धुळ्याहून बऱ्याच बायका एसटीनं आल्या होत्या, इंदूअक्काही. आणि व्यासपीठावर केबलचा मालक होता. आता त्याचं केबलचं जाळं तालुक्यातालुक्यांत पसरलं होतं आणि फोटोला पहिला हार त्याचाच होता. तो उठून म्हणाला, "नानांनी स्वच्छ, कौटुंबिक करमणूक दिली. कधी कुठल्या वादात पडले नाहीत. त्यांना पहिलं व्यासपीठ देण्याचं भाग्य मला लाभलं." त्याच्यानंतर त्या साहित्यिक मंडळाचे एक पदाधिकारी बोलले. नानांनी बोलीची मोठी सेवा केली म्हणाले.

मी उठले. अध्यक्षांनी वेळ थोडा आहे असं सांगितलं. माइकसमोर उभी राहिले तेव्हा त्या माणसाला म्हणायची सगळी वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. त्यातलं एकही मी बोलले नाही. मी म्हटलं, "नानांचा एक भाग तुम्ही कुणी पाहिला नाही. तो मी सांगते."

कुसुमच्या पायाशी स्टोव्ह आहे. दुपारची वेळ. भागाबाई तांदळाचं ताट घेऊन येते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसते. तांदूळ निवडायला लागते. सासू विचारते, "काय काम शे?" मी पुढचं वाक्य बोलणार तेवढ्यात मागच्या रांगेतून इंदूअक्का बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "काही नही. मी आठेच बठेल शे."

मी थांबले. मग पुढे सांगितलं. भागाबाई तिथंच बसून राहते. थोड्या वेळानं पलीकडच्या घरची बाई येते, शेंगांची टोपली घेऊन. मग एक लसूण सोलायला. मग एक तान्ह्या पोराला घेऊन. कुणी काही विचारत नाही, कुणी स्टोव्हकडे बघत नाही. स्वयंपाकघर भरून जातं. संध्याकाळ होते. सासू म्हणते, "तुमच्या घरी स्वयंपाक नही का?" एक जण म्हणते, "करतील पोरी." दिवा लागतो. बाकीच्या एकेक करून उठतात. भागाबाई उठत नाही. ती घरून आणलेली गोधडी उलगडते, स्टोव्ह हातानं बाजूला सारते आणि त्या जागेवर अंथरूण घालते. कुसुम तिच्या डोक्याखाली उशी देते. भाग संपतो.

मी खाली उतरत होते तेव्हा दुसऱ्या रांगेतली एक मुलगी, नव्यानंच लग्न झालेली असावी, उभी राहिली. तिला कुणाबद्दल काही माहीत नव्हतं. व्यासपीठावर कोण बसलं आहे एवढंच तिनं मघाशी ऐकलं होतं. तिनं सरळ केबलच्या मालकाला विचारलं, "भाऊ, हा भाग तुम्ही का नाही लावला?"

त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत उभीच राहिली. मग तिच्या शेजारची उभी राहिली, आणि तिच्यामागची.